कंट्रोल काय म्हणालं, ते नंतर तरी कळू द्या

वैशाखात सखाराम महाराजांच्या रथाच्या रात्री अमळनेरात पाय ठेवायला जागा नसते. वाडी संस्थानापासून बाजारपेठेपर्यंत माणूसच माणूस. अशा गर्दीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराच्या खांद्यावरचा सेट मधूनच खरखरतो. ‘कंट्रोल, कंट्रोल’ एवढं कळतं, मग नुसती खरखर, मग एखाद्या चौकाचं नाव, मग ‘रॉजर’. आजूबाजूच्या दहा माना वळतात. कुणीतरी विचारतंच, ‘काय व्हयनं भाऊ?’ हवालदार सेटचा आवाज बारीक करतो आणि म्हणतो, ‘काही नाही, पुढे सरका.’

पोलिसांचं आपसातलं बोलणं आपल्या कानावर पडतं ते एवढंच. अमेरिकेत मात्र ते कित्येक दशकं उघड्यावर होतं. स्कॅनर नावाचं यंत्र दुकानातून आणायचं आणि गावच्या पोलिसांचं बोलणं घरबसल्या ऐकायचं. न्यूयॉर्कच्या वीजी नावाच्या छायाचित्रकाराने १९३८ मध्ये रीतसर परवाना काढून पोलिसांच्या लहरी पकडणारा रेडिओ घेतला आणि खुनाच्या जागी तो भल्याभल्यांच्या आधी पोचू लागला. आता तिकडची शहरं एकामागून एक हे बोलणं कूटबद्ध करताहेत, म्हणजे बाहेरच्याला नुसता गोंगाट ऐकू यावा अशी सोय करताहेत. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये सुरुवात केली. शिकागोने अर्धा तास उशिराने ऐकवण्याची तोड काढली. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोने बंद केलेलं दार २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. वार्ताहर एका बाजूला, पोलीस दुसऱ्या बाजूला, असं भांडण जुंपलं आहे.

आपल्याकडे हे भांडण नाही, कारण आपल्याकडे दार कधी उघडं नव्हतंच. पण त्या दारामागे जे बोललं जातं त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न अमळनेरचाही आहे. माझं म्हणणं असं की बोलणं चालू असताना ते खुशाल बंद ठेवा. संपल्यावर त्याची नोंद जपा, आणि ठरलेल्या मुदतीनंतर मागणाऱ्याला ती द्या.

१. ऐकणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे

ज्यांच्या घरात मर्फीचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, त्याचं लायसन्स असायचं. लाकडी पेटीतून सिलोन ऐकायचं म्हणून पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर तिकिटं डकवून घ्यायची. हे ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होतं. त्यामागे १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता. बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही सरकारची परवानगी हवी, असं तो म्हणत असे. इंग्रज सरकारला रेडिओची धास्ती होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो पोलिसांना शोधून काढावा लागला.

इंग्रज गेले, धास्ती राहिली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात कुणाचा संदेश बेकायदा मध्येच पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी ऑनलाइन स्वस्तातली वॉकी-टॉकी मागवून पोलिसांची लहर शोधत बसू नये. मी तसं सुचवत नाही आणि तशी मागणीही करणार नाही. का करणार नाही, ते पुढच्या मुद्द्यात.

२. चालू बोलणं बंदच बरं

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज आणि नरिमन हाऊसमधल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या, आणि सूचना देणारे आपल्याच वाहिन्यांवरचं थेट चित्रण बघत होते. जवान कुठे उतरले, कुठून आत शिरले, सगळं त्यांना दिसत होतं. कसाबच्या खटल्यात २०१२ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये नियम बदलला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचं नाही. नेमलेला अधिकारी अधूनमधून जेवढं सांगेल तेवढंच द्यायचं. चित्राची ही गत, तर आवाज खुला ठेवा असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरं कारण घरचं आहे. जून २०२३ मध्ये अमळनेरात दोन गटांत दगडफेक झाली आणि गावात संचारबंदी लागली. त्या दिवसांत घरात बसून मोबाइलवर जे येत होतं ते आठवा. अमुक गल्लीत जमाव, तमुक ठिकाणी जाळपोळ, इतके गेले, तितके आणले. त्यातलं निम्मंशिम्मं पोकळ होतं. आता कल्पना करा की त्या वेळी पोलिसांचा सेटही घराघरांत ऐकू येत असता. वायरलेसवरची पहिली खबर ही खबरच असते, खातरजमा नसते. ‘अमुक गल्लीत शंभर जण जमल्याचा कॉल आहे, जाऊन बघा’ असं कंट्रोल म्हणतं. गाडी जाऊन बघते, तिथे लग्नाची वरात असते. पण आपल्या गावात गल्लीचं नाव घेतलं की धर्म आणि जात दोन्ही आपोआप सांगून होतात. ‘जाऊन बघा’ हे शब्द पुढे ढकललेल्या मेसेजमधून गळाले की उरतं काय? गल्लीचं नाव आणि शंभरचा आकडा.

अमेरिकेतही हे घडलं आहे. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर हजारो लोक रात्रभर स्कॅनरला कान लावून बसले होते. ‘आम्ही पोलिसांच्या तोंडून नाव ऐकलं’ असं सांगत त्यांनी एका बेपत्ता असलेल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला संशयित करून टाकलं. त्याचा त्या स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता आणि घरचे त्याला शोधत होते. त्यांना त्या रात्री जे सोसावं लागलं त्याची भरपाई कोणी केली नाही.

३. आवाजच आता रेडिओवरून उठून गेला आहे

हा मुद्दा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अमळनेरातून तुम्ही पोलिसांच्या मदतीसाठी ११२ लावलं तर तो फोन अमळनेरच्या ठाण्यात वाजत नाही. राज्याची ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली. तिची मुख्य केंद्रं नवी मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथे कुणीतरी तुमचं म्हणणं टिपून घेतं, ते जळगावच्या नियंत्रण कक्षात जातं, तिथून तुमच्या जवळच्या गाडीतल्या छोट्या पडद्यावर उमटतं. गाडी कुठे आहे हे जीपीएस सांगतं. गाडीतला शिपाई पडद्यावर बोट ठेवून ‘पोचलो’ असं कळवतो. या सगळ्यात कुणी मोठ्याने बोललंच पाहिजे असं नाही.

एकीकडे ही सोय फार चांगली आहे. बोरी नदीपलीकडच्या शेतातल्या बाईला आता ‘कोणत्या ठाण्याची हद्द’ हा प्रश्न आधी सोडवावा लागत नाही. पण नोंदीच्या दृष्टीने बघितलं तर कामकाज हवेतून उठून संगणकात गेलं आहे. तेव्हा रेडिओ कूटबद्ध करावा की नाही, हा वाद अर्धा जुनाच झाला. संगणकात प्रत्येक गोष्टीला वेळ चिकटलेली असते: फोन किती वाजता आला, गाडीला कधी सांगितलं, गाडी कधी हलली, कधी पोचली. हवालदाराच्या खांद्यावरच्या खरखरीतून हे कुणालाच कळलं नसतं. आज ते सगळं कुठेतरी साठत आहे. ते कुणाच्या मालकीचं, किती दिवस राहतं आणि कोण पुसतं, एवढंच आपल्याला ठाऊक नाही.

४. रंगभवनची गल्ली

बंद दारामागच्या नोंदीची किंमत काय असते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा एका पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीने दिला.

२६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळ, रंगभवनच्या गल्लीत, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एकाच गाडीत असताना मारले गेले. एक दहशतवादविरोधी पथकाचा प्रमुख, एक अतिरिक्त पोलीस आयुक्त, एक मुरलेला गुन्हे अन्वेषक. तिघं एका गाडीत का होते, तिथे कुणाच्या सांगण्यावरून गेले, मदत मागितली होती का, मागितली तर गेली का, हे प्रश्न दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या तोंडी होते. उत्तरादाखल तर्क फिरत होते आणि त्यातले काही मेलेल्या माणसांवरच दोष ढकलणारे होते. अधिकारीच बेसावध होते, असा त्यांचा सूर होता.

विनीता कामटे यांनी माहिती अधिकाराचा अर्ज केला. मागितलं काय? त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षाच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी. ज्या खात्यात नवऱ्याने प्राण दिले त्या खात्याकडे अर्ज करून, नकार पचवून, अपिलं करून त्या नोंदी त्यांना मिळवाव्या लागल्या. त्यावर त्यांनी विनीता देशमुख यांच्या साथीने ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. ते २००९ च्या नोव्हेंबरात, हल्ल्याला वर्ष होताना आलं. पुस्तकात नोंदींच्या आधारे सांगितलं आहे की करकऱ्यांनी कामा रुग्णालयाच्या बाजूला कुमक मागितली होती, आणि गोळ्या लागल्यावर हे अधिकारी बराच वेळ मदतीविना पडून होते. नियंत्रण कक्षाची सूत्रं तेव्हा राकेश मारिया यांच्याकडे होती. त्यांनी हे आरोप फेटाळले, आणि पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात आपली बाजू मांडली. नोंदींच्या प्रतींमध्येच फरक असल्याची तक्रार राज्य माहिती आयोगापर्यंत गेली.

कोण बरोबर, याचा निवाडा मी अमळनेरात बसून करणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. वर्षभर जी चर्चा ‘म्हणे’वर चालली होती ती नोंदी बाहेर येताच मिनिटांवर आली. अमुक वाजता हा संदेश, तमुक वाजता तो. दोन्ही बाजूंना त्याच कागदावर बोट ठेवून भांडावं लागलं. आणि नोंदी बाहेर आल्याने देशाचं काही बिघडलं का? कोणत्या अतिरेक्याला त्याचा फायदा झाला? वर्षापूर्वीच्या कुमकेच्या मागणीत आता गुपित ते काय उरलं होतं?

त्याच गाडीत मागच्या बाजूला अरुण जाधव हे पोलीस जखमी होऊन सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकले होते. अतिरेक्यांनी गाडी पळवली तरी ते आतच होते. अतिरेकी गाडी सोडून गेल्यावर जाधवांनी वायरलेसवरून कंट्रोलला कळवलं. त्या भीषण रात्रीची खरी हकीकत सांगणारा पहिला आवाज त्या सेटवरचा होता. तो आवाज सरकारी मालमत्ता म्हणून कपाटात पडून राहावा, की या राज्याच्या इतिहासाचा कागद म्हणून जपला जावा?

५. त्याआधीची एक ध्वनिफीत

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. त्या दिवसांतल्या पोलीस वायरलेसवरच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण पत्रकार तीस्ता सेटलवाड यांच्या हाती लागलं. सेटवर पोलीस आपसात एका धर्माच्या लोकांबद्दल कोणत्या भाषेत बोलत होते, हे त्यातून छापून आलं आणि श्रीकृष्ण आयोगापुढेही गेलं. आयोगाच्या १९९८ च्या अहवालात पोलिसांच्या पक्षपातावर जे लिहिलं आहे ते महाराष्ट्राला माहीत आहे, आणि त्या अहवालाचं काय झालं तेही माहीत आहे.

एवढी स्फोटक गोष्ट बाहेर आली ती नियमाने नव्हे, कुणाच्या तरी हाती लागली म्हणून. हाती लागली नसती तर साक्षीदार म्हणाला असता ‘पोलीस असं बोलले’, खातं म्हणालं असतं ‘छे, असं काही नाही’, आणि लिहिणाऱ्याने दोन्ही लिहून घेतलं असतं. आपल्याकडचं धुळं आठवा. ६ जानेवारी २०१३ ला मच्छीबाजारातली दंगल, पोलिसांचा गोळीबार, सहा जणांचा मृत्यू. त्यानंतर पोलीसच मोडतोड करताना दिसतात असं मोबाइलवरचं चित्रण पुढे आलं आणि त्यावरून काही पोलिसांना अटक झाली. तिथेही पुरावा कुणाच्या तरी गच्चीवरून आला. गोळीबाराचा हुकूम किती वाजता, कोणत्या माहितीवर, कोणी दिला, याची बिनतारी नोंद ही अशा प्रत्येक चौकशीत पहिल्या दिवशी टेबलावर यायला हवी. गच्चीवरच्या मोबाइलच्या भरवशावर न्याय चालवू नये.

६. राईनपाडा, म्हणजे माझ्याच बाजूला अडचणीचा मुद्दा

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती माणसं. आधीचे कित्येक दिवस मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत होते.

खुल्या स्कॅनरने, जपलेल्या नोंदीने, माहिती अधिकाराने ही पाच माणसं वाचली असती का? नाही. कबूलच करायला हवं. त्या जमावातल्या कुणाला पोलीस काय बोलतात हे ऐकायचं नव्हतं. कमतरता दुसऱ्या बाजूची होती. अफवा आठ-दहा दिवस गावोगाव फिरत असताना, त्या पाड्यांच्या बोलीत, बाजाराच्या दिवशी भोंगा लावून, ‘अशी कोणतीही टोळी नाही, संशय आला तर आम्हाला फोन करा’ असं ठासून सांगणारा आवाज पुरेसा पोचला नव्हता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत राज्यांना निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमा, रेडिओ-टीव्हीवरून लोकांना बजावा, असं त्यात होतं. व्हॉट्सॲपनेही भारतात एक मेसेज पाचांपलीकडे एका दमात पाठवता येऊ नये अशी वेसण घातली.

मग हा मुद्दा इथे का घेतला? कारण ऐन वेळी पोलिसांचं ऐकलं जावं यासाठी आधी त्यांच्या शब्दाची पत हवी, आणि ती वर्षभराच्या व्यवहारातून येते. ‘काही नाही, पुढे सरका’ हे उत्तर शंभर वेळा ऐकलेल्या माणसाला एकशेएकाव्या वेळी पोलीस म्हणाले ‘खरंच काही नाही’, तर तो विश्वास ठेवत नाही. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाडे इथे, आग लागल्याच्या नुसत्या ओरडीवर पुष्पक एक्स्प्रेसमधून लोकांनी उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडून दहाहून अधिक जण गेले. तो मामला रेल्वेचा, पोलिसांचा नव्हे. पण ‘थांबा, आग नाही’ असं म्हणणाऱ्याचा आवाज त्या डब्यांत कुणाला ओळखीचा नव्हता, ही गोष्ट तीच.

७. कुलूप लावल्याने चोर थांबतोच असं नाही

चालू बोलणं बंद ठेवा असं म्हटलं, पण त्यातही एक सावधगिरी हवी. अनेक देशांतले पोलीस टेट्रा नावाची बिनतारी पद्धत वापरतात. तिची कूटलेखनाची रीत कित्येक वर्षं गुप्त ठेवलेली होती. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तिच्यातली एक रीत साध्या संगणकाने मिनिटभरात फोडता येते. म्हणजे वार्ताहराला बंद, नागरिकाला बंद आणि तयारीच्या माणसाला उघडं. कूटबद्ध यंत्रणा घेताना आपल्या गृहखात्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

८. ‘लोकांची नावं उघडी पडतील’

हा आक्षेप खरा आहे आणि लहान गावात तो शहरापेक्षा दुप्पट खरा आहे. ११२ वर सगळ्यात जास्त कोण रडतं? नवऱ्याचा मार खाल्लेली बाई. तिचा आवाज, तिचा पत्ता, तिचं सासर हे कधीच बाहेर येऊ नये. दारू पिऊन पडलेल्या बापासाठी फोन करणाऱ्या पोराचंही नको. माहिती अधिकाराच्या कलम ८ मध्ये जीविताला धोका, तपासात अडथळा, खासगी माहिती असे अपवाद पहिल्यापासून आहेतच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने खासगीपणाचा अपवाद आणखी घट्ट आवळला; माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच.

पण नाव झाकून बाकीचं दाखवणं ही काही अवघड विद्या नाही. ती आपण रोज करतो. ७ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदवलेली एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी नाजूक प्रकरणं वगळा, आणि नाजूक कोणतं हे उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने ठरवायचं नाही. तेव्हाही ओरड झाली होती. आज आपल्या पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर दिसतात आणि आभाळ कोसळलेलं नाही. २ डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. तेही आवाज टिपणारे, आणि ते चित्रण अठरा महिने, ते जमणारच नसेल तर निदान वर्षभर जपायचं. ठाण्याच्या आतला आवाज जर अठरा महिने जपण्यालायक आहे, तर रस्त्यावरच्या गाडीला कंट्रोलने दिलेला हुकूम का नाही?

९. याचा पहिला फायदा शिपायाला

हे मी पोलिसांना उद्देशून लिहितो आहे. काही चुकलं की निलंबन कुणाचं होतं? बीटवरच्या माणसाचं. ‘मी तीनदा कुमक मागितली होती साहेब’ हे त्याचं म्हणणं, आणि ‘आम्हाला कळवलंच नाही’ हे वरच्यांचं. नोंद असेल तर तो सुटतो. दगडफेकीत डोकं फुटेपर्यंत उभ्या राहिलेल्या होमगार्डला किती वाजल्यापासून मदत मिळाली नाही, हे त्याच्या बायकोला पुस्तक लिहून शोधायला लागू नये.

१०. फळा

या गावातल्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. खर्च कागद-शाईचा, आणि एका माणसाच्या पहाटेचा. अमळनेर पोलीस ठाण्याबाहेर एक फळा लावायला याहून जास्त लागणार नाही. काल ठाण्याकडे किती कॉल आले, कशाचे, कोणत्या भागातून (गल्ली नको, प्रभाग पुरे), गाडी सरासरी किती मिनिटांत पोचली, किती कॉल खोटे निघाले. नाव नाही, गाव नाही. तणावाच्या दिवशी हाच फळा दर दोन तासांनी पुसून लिहायचा, आणि त्याचा फोटो ठाण्याच्याच क्रमांकावरून पाठवायचा. शांतता समितीच्या बैठकीत चहा पिऊन ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगण्यापेक्षा लोकांना विश्वास ठेवायला काहीतरी मिळेल. ‘खोटे निघालेले कॉल’ हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो रोज वाचला की कानावर आलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते हे भाषण न देता समजतं.

११. अर्ज

एवढं लिहून झाल्यावर स्वस्थ बसणं बरं दिसत नाही, म्हणून जळगावच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. मजकूर असा: एक, जिल्हा नियंत्रण कक्षातलं बिनतारी संभाषण ध्वनिमुद्रित होतं का. दोन, होत असेल तर ते किती दिवस जपलं जातं आणि कोणत्या परिपत्रकाने नष्ट केलं जातं. तीन, नष्ट केल्याची नोंदवही आहे का. असल्यास मागच्या एका वर्षाची प्रत. चार, जून २०२३ मधल्या अमळनेरच्या संचारबंदीच्या दिवसांतल्या संदेशांच्या नोंदी आज अस्तित्वात आहेत का. त्या नोंदींत काय आहे हे मी विचारलेलं नाही. आहेत की नाहीत, एवढंच.

पाचवा प्रश्न ११२ च्या संगणकातल्या वेळांबद्दल होता. पण महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे: एका अर्जात एकच विषय, आणि शब्द दीडशेच्या आत. मोजून बघितले, एकशे अठ्ठेचाळीस झाले होते. त्याला वेगळा अर्ज, वेगळा दहाचा स्टॅम्प.